टूथपेस्टमधील घटक आणि तोंडातील जिवाणू: ट्यूबवर नेमके काय वाचावे?

दुकानात टूथपेस्टच्या फळीसमोर उभे राहिले की गोंधळ होतो. एक पेस्ट लवंगेची, एक कडुनिंबाची, एक मिठाची, एक कोळशाची. कुठे ‘फ्लोराईडयुक्त’ असे अभिमानाने लिहिलेले, तर कुठे ‘फ्लोराईडमुक्त’ असे तितक्याच अभिमानाने. जंतूंचा नाश करण्याचे आश्वासन मात्र बहुतेक सगळ्याच ट्यूबवर असते. त्यामुळे दवाखान्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “डॉक्टर, यातली चांगली कुठली?”

या प्रश्नाचे उत्तर ब्रँडच्या नावात मिळत नाही, ते ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांत असते. प्रत्येक घटक तोंडातील जिवाणूंवर वेगवेगळ्या प्रकारे काम करतो, काही तर अजिबात करत नाहीत. हे समजले की निवड सोपी होते आणि अनावश्यक खर्चही वाचतो.

तोंडातले सगळे जिवाणू वाईट नसतात

माणसाच्या तोंडात आढळणाऱ्या जिवाणूंच्या ७०० हून अधिक प्रजातींची आजवर नोंद झाली आहे. एका व्यक्तीच्या तोंडात त्या सगळ्या नसतात, पण शेकडो असतात. जीभ, गालाची आतली बाजू, दातांचे पृष्ठभाग, हिरडीखालची फट अशा प्रत्येक ठिकाणी त्यांची वेगवेगळी वस्ती असते. निरोगी माणसाच्या तोंडातही ते असतातच. किंबहुना आपल्या नेहमीच्या जिवाणूंनी जागा व्यापलेली असते म्हणूनच बाहेरून आलेल्या घातक जंतूंना आणि बुरशीला तिथे सहज पाय रोवता येत नाहीत.

अडचण सुरू होते ती समतोल बिघडल्यावर. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस यांसारखे जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. बिस्कीट, चहा किंवा शीतपेय घेतल्यानंतर काही मिनिटांतच दातावरच्या थरातील आम्लता वाढते. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघू लागते. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेले क्षार काही प्रमाणात परत भरते. दिवसभर थोडे थोडे गोड खाणे चालू राहिले तर लाळेला ही भरपाई करायला वेळच मिळत नाही. आम्लात तग धरणारे जिवाणू वाढतात, बाकीचे मागे पडतात आणि दात किडू लागतो.

हिरड्यांचा आजार थोड्या वेगळ्या वाटेने येतो. दात आणि हिरडीच्या कडेला साचलेला थर काढला नाही, तर तिथे हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढते. शरीर त्यांच्याशी लढते, हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश करणे टाळणारे बरेच जण असतात. खरे तर तिथेच अधिक काळजीपूर्वक, पण हलक्या हाताने घासण्याची गरज असते.

आधी ब्रश, मग पेस्ट

दातावरचा जिवाणूंचा थर म्हणजे नुसते सुटे जंतू नव्हेत. ते एका चिकट आवरणात एकमेकांना धरून राहतात. ओट्यावरचा चिकट तेलकट थर नुसते पाणी टाकून जात नाही, घासावा लागतो, तसेच याचे आहे. जंतुनाशक द्रव्य वरच्या भागापर्यंत पोहोचते, पण आतल्या जिवाणूंपर्यंत पुरेसे झिरपत नाही. शिवाय स्वच्छ घासलेल्या दातावर काही तासांतच जिवाणू पुन्हा चिकटू लागतात.

म्हणून थर काढण्याचे मुख्य काम ब्रशचे केस आणि तुमचा हात करतो. पेस्ट लावून आणि पेस्टशिवाय घासण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत थर निघण्याच्या बाबतीत फारसा फरक दिसलेला नाही. मग पेस्ट लावायचीच कशाला? कारण पेस्ट ही दातापर्यंत औषध पोहोचवण्याची सोय आहे आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे फ्लोराईड.

फ्लोराईड: जंतू मारण्यापेक्षा दात मजबूत करणारे

फ्लोराईड प्रामुख्याने दातावर काम करते. आम्लामुळे झिजलेल्या जागी कॅल्शियम आणि फॉस्फेट परत बसत असताना फ्लोराईड त्यात मिसळते. त्यातून तयार होणारा पृष्ठभाग आधीपेक्षा आम्लाला जास्त दाद देत नाही. म्हणजे जिवाणूंनी आम्ल तयार केले तरी दाताचे नुकसान कमी होते आणि सुरुवातीचा पांढरट डाग, म्हणजे किडीची पहिली पायरी, भरूनही येऊ शकतो.

जिवाणूंवरही त्याचा थोडा परिणाम होतो. आम्लयुक्त वातावरणात फ्लोराईड जिवाणूच्या पेशीत शिरते आणि साखर पचवण्यासाठी लागणाऱ्या एका विकराचे काम मंदावते. त्यामुळे आम्ल कमी तयार होते. घासल्यानंतर पेस्ट नुसती थुंकून टाकली आणि पाण्याने खळखळून चूळ भरली नाही, तर फ्लोराईड दातांवर जास्त वेळ टिकते. रात्री झोपताना घासणे याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. झोपेत लाळ कमी होते आणि दाताचे नैसर्गिक संरक्षणही कमी पडते.

फ्लोराईडच्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे. मुले आणि किशोरवयीनांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये कोक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यात, फ्लोराईडयुक्त पेस्ट वापरणाऱ्यांमध्ये कीड सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळली. पेस्टमधील दुसऱ्या कुठल्याही घटकाच्या पाठीशी इतका पुरावा नाही.

स्टॅनस फ्लोराईड आणि जस्त

फ्लोराईड वेगवेगळ्या रूपांत येते. सोडियम फ्लोराईड आणि सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ही नेहमीची रूपे. स्टॅनस फ्लोराईडमध्ये कथील असते आणि ते जिवाणूंची वाढ रोखते. हिरड्या वारंवार सुजणाऱ्यांना त्याचा अधिक उपयोग होऊ शकतो. काहींच्या दातांवर मात्र त्याने पिवळसर-तपकिरी डाग पडतात. ते दंतवैद्याकडे स्वच्छ करून घेता येतात.

जस्ताचे क्षार मुख्यतः तोंडाच्या दुर्गंधीवर उपयोगी पडतात. जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू प्रथिने कुजवून गंधकयुक्त वायू तयार करतात. जस्त त्या वायूंना बांधून ठेवते आणि जिवाणूंचा वेगही कमी करते. पण जीभ स्वच्छ केली नाही तर नुसत्या पेस्टने वास जाणार नाही.

ट्रायक्लोसान: उपयोग होता, तरी मागे का पडले?

ट्रायक्लोसान हे खरेखुरे जंतुनाशक. ते असलेल्या पेस्टमुळे हिरड्यांची सूज आणि रक्त येणे कमी होते, असे २०१३ च्या कोक्रेन आढाव्यातही दिसले होते. तरीही त्याचा वापर कमी होत गेला. त्याचे अंश पाण्यात आणि शरीरात आढळू लागले, प्राण्यांवरील प्रयोगांतून संप्रेरकांवरील परिणामाची शंका आली आणि जिवाणूंमध्ये प्रतिकारशक्ती वाढण्याची भीती व्यक्त झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांत ते वापरण्यास मनाई केली. बऱ्याच टूथपेस्टमधूनही ते गेले आहे. पूर्वी अशी पेस्ट वापरली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र आज केवळ ‘जंतुनाशक’ म्हणून मुद्दाम ट्रायक्लोसानची पेस्ट शोधण्याचीही गरज नाही.

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

पेस्टला फेस येतो तो बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट या घटकामुळे. तो पेस्ट तोंडभर पसरवतो, जिवाणूंचे बाहेरचे आवरण काहीसे विस्कटतो, पण दात किती स्वच्छ झाला हे फेसावरून ठरत नाही. फेस भरपूर आला की लवकर थुंकून मोकळे होण्याचा मोह होतो आणि दोन मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटात उरकते.

या घटकाने काहींच्या तोंडाची आतली त्वचा सोलवटते, झोंबते. ज्यांना वारंवार तोंड येते, त्यांनी महिना-दोन महिने सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, पण फ्लोराईड असलेली पेस्ट वापरून पाहावी. काहींना याने फरक पडतो. न पडल्यास रक्ताची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाची उणीव अशा कारणांसाठी तपासणी करून घ्यावी.

आर्जिनिन आणि झायलिटॉल: जिवाणूंना वेगळा खुराक

आर्जिनिन हे एक अमिनो आम्ल आहे. नाव आम्लाचे असले तरी परिणाम उलटा होतो. तोंडातले काही निरुपद्रवी जिवाणू आर्जिनिन पचवून अमोनिया तयार करतात आणि त्यामुळे आम्लता कमी होते. कुणाला न मारता चांगल्या जिवाणूंना बळ देण्याची ही पद्धत आहे. दातांच्या सळसळीसाठीही ते वापरतात.

झायलिटॉल गोड असते, पण स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सला ते पचवता येत नाही. ते आत घेण्यात त्याची शक्ती वाया जाते आणि आम्लही तयार होत नाही. कल्पना चांगली असली तरी पेस्टमधील झायलिटॉलमुळे कीड किती कमी होते याचा पुरावा अजून कमकुवत आहे. फ्लोराईडच्या जोडीला असेल तर ठीक, त्याच्या ऐवजी नको. घरात कुत्रा असेल तर अशी पेस्ट किंवा च्युइंगम त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या. कुत्र्यांना झायलिटॉल विषारी ठरते.

‘सेन्सिटिव्ह’ पेस्टमधील पोटॅशियम नायट्रेट मात्र दाताच्या नसेला शांत करते, जिवाणूंशी त्याचा संबंध नाही. एकाच दातात कळ येत असेल तर अशी पेस्ट लावत राहून कीड झाकून ठेवू नका.

कडुनिंब, लवंग, मीठ आणि कोळसा

कडुनिंब, बाभूळ, ज्येष्ठमध, लवंग यांचे अर्क प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंची वाढ थांबवतात, हे खरे आहे. पण बशीत जिवाणू अर्कात तासन्‌तास बुडालेले असतात. तोंडात पेस्ट दोन मिनिटे राहते, लाळेने पातळ होते आणि समोर असतो तो चिकट थर. त्यामुळे बशीतला परिणाम जसाच्या तसा तोंडात मिळत नाही. वनस्पतींच्या पेस्टने हिरड्यांना थोडा फायदा झाल्याचे काही अभ्यास आहेत. कीड रोखण्यासाठी मात्र त्यात फ्लोराईड आहे का, हेच पाहावे लागते. आयुर्वेदिक पेस्ट आवडत असेल तर वापरायला हरकत नाही, पण ज्यांना वारंवार कीड लागते त्यांनी केवळ तिच्यावर विसंबू नये. दाढ दुखली की लवंगेचे शुद्ध तेल थेट लावण्याची पद्धत आहे. त्याने कळ तात्पुरती कमी होते, पण हिरडी आणि गाल भाजू शकतात.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. जाडे मीठ दातांवर रगडल्यास मात्र इनॅमल आणि हिरडी दोन्ही झिजतात. खाण्याचा सोडा आम्ल निवळवतो आणि पेस्टमध्ये असल्यास फारसा खरखरीतही नसतो. कोळशाच्या पेस्टने जिवाणू किंवा कीड कमी होते असा समाधानकारक पुरावा नाही. वरचे डाग निघाल्याने दात उजळ वाटतात, पण जास्त घर्षणाने इनॅमल पातळ झाले तर आतला पिवळसर भाग अधिकच दिसू लागतो.

मंजन, राखुंडी आणि मिश्री

आपल्याकडे बऱ्याच घरांत, विशेषतः ज्येष्ठ मंडळींना, मंजन किंवा राखुंडीने बोटाने दात घासण्याची सवय असते. बोट दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला पोहोचत नाही, त्यामुळे थर तिथेच राहतो. राख, गेरू यांसारख्या खरखरीत पदार्थांनी दातांच्या मानेशी खाचा पडतात आणि गार पाणी लागले की कळ येते. आजी-आजोबांची सवय एका दिवसात मोडत नाही. निदान रात्री मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

मिश्रीची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत. हिरडीतून निकोटीन रक्तात जाते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा ‘दात घासावेसे’ वाटते. ते व्यसन असते. त्यातून हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि गरोदर स्त्रीने लावल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. घरातल्या आई, सासूबाई किंवा मावशी मिश्री लावत असतील तर त्यांना रागावू नका, मदत मिळवून द्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे.

मुलांना फ्लोराईड द्यावे का?

ही भीती आपल्याकडे अगदीच निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि तिथे दातांवर तपकिरी डाग व हाडांचे विकार दिसतात. पण ते फ्लोराईड रोज पोटात जाते. पेस्ट दाताला लावून थुंकायची असते.

आकड्यांत पाहू. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम फ्लोराईड असेल, तर एक लिटर पाण्याबरोबर १.५ मिलिग्रॅम पोटात जाते. १००० पीपीएमची तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट बाळाने पूर्ण गिळली तरी सुमारे ०.१ मिलिग्रॅमच जाते. प्रश्न उभा राहतो तो जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट रोज गिळली गेली तर.

- पहिला दात आल्यापासून ३ वर्षांपर्यंत: तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मोठ्यांनीच घासावे.
- ३ ते ६ वर्षे: वाटाण्याएवढी पेस्ट, थुंकायला शिकवावे.
- पुढेही, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, मोठ्यांनी शेजारी उभे राहावे. ट्यूब मुलांच्या हाती देऊ नये.

गावच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असल्याचे माहीत असेल, तर पिण्याचे पाणी बदलणे ही पहिली गरज आहे. मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला घ्या. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांची कीड तशीच ठेवू नका. दाढेचा ठणका, खाणे-झोप बिघडणे आणि पू होणे हे मुलाला आजच भोगावे लागते.

माउथवॉशबद्दल सावधगिरी

क्लोरहेक्सिडिन हे तीव्र जंतुनाशक शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरड्यांच्या आजारात ठरावीक दिवसांसाठी देतात. ते स्वतःहून महिनोन्‌महिने वापरू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. शिवाय ते उपयोगी जिवाणूंनाही मारते. जिभेवरचे काही जिवाणू पालक, बीट यांतील नायट्रेटचे रूपांतर करून रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात. निरोगी व्यक्तींवरील एका लहान अभ्यासात आठवडाभर असे माउथवॉश वापरल्यावर रक्तदाब २ ते ३ अंकांनी वाढलेला दिसला. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर मध्येच बंद करू नका, फक्त सांगितलेल्या मुदतीपलीकडे नेऊ नका. पेस्टमधील फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून घासणे आणि हे माउथवॉश यांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवा.

ट्यूब कशी वाचावी?

भारतातील नियमांनुसार फ्लोराईडयुक्त टूथपेस्टमध्ये त्याचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, आणि ते प्रमाण व वापराची मुदत ट्यूबवर छापलेली असावी. १००० पीपीएमच्या जवळपासची पेस्ट निवडा. काही ट्यूबवर टक्केवारी असते. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराईड ०.२२ टक्के म्हणजे साधारण १००० पीपीएम.

ट्यूबच्या तळाशी असलेल्या हिरव्या, काळ्या किंवा निळ्या पट्टीवरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे कळते, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. ते खरे नाही. ती खूण कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची हे कळावे म्हणून असते.

दंतवैद्याकडे कधी जावे?

- दोन आठवडे नीट घासूनही हिरडीतून रक्त येत असेल. पेस्ट बदलून वाट पाहू नका. दातांवर बसलेले कीटण कुठल्याही पेस्टने निघत नाही.
- मधुमेह असेल. हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात येत नाही आणि वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या उपचारांची माहिती द्या.
- औषधांमुळे किंवा रेडिएशननंतर तोंड सतत कोरडे पडत असेल. अशा वेळी कीड फार वेगाने पसरते आणि फ्लोराईडचा वेगळा उपचार लागू शकतो.
- तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत भरला नसेल, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर.
- दात हलू लागले असतील किंवा दातांमध्ये नव्याने फटी पडल्या असतील.

थोडक्यात

तोंड जिवाणूमुक्त करता येत नाही आणि तसे करण्याची गरजही नाही. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे मऊ ब्रशने घासा. पेस्ट फ्लोराईडची असू द्या, बाकी चव आणि रंग तुमच्या आवडीचा. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका. येता-जाता गोड खाण्याऐवजी ते जेवणाबरोबरच घ्या. घरातल्या चिमुकल्यांचे दात आज रात्रीपासून स्वतः घासून द्या, आणि ट्यूबमधून तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट काढा.